रिपब्लिकन प्रायमरीत मत कोणाला द्यायचे, हे कसे ठरवावे

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नोव्हेंबरात होते. पण उजव्या विचारांच्या मतदाराला आपल्या मनाजोगा माणूस निवडायची संधी मिळते ती त्याआधी काही महिने, रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात. नोव्हेंबरात जिंकू शकणारी दोनच नावे उरलेली असतात. २०१६ च्या प्रायमरीत मात्र सतरा प्रमुख उमेदवार होते. २०२८ साली बाविसाव्या घटनादुरुस्तीमुळे डोनाल्ड ट्रम्प यांना पुन्हा निवडून येता येणार नाही, त्यामुळे तेव्हाही मैदान खुले असेल. एडिसनपासून फ्रीमॉंटपर्यंत जे मराठी लोक आता अमेरिकेचे नागरिक आहेत आणि कर, सरकारी खर्च, शाळा, सीमा, न्यायालये या विषयांवर स्वतःला रिपब्लिकनांच्या जवळचे मानतात, त्यांना उपयोगी पडेल अशी माहिती इथे देत आहोत.

बहुतेक जण सुरुवात करतात ती टीव्हीवरच्या वादविवादापासून. कोण छान बोलला, कोणी कोणाला गप्प केले, यावरून मन बनते. आमचा सल्ला आहे, सुरुवात कॅलेंडरपासून करा. आपले राज्य कधी मतदान करते आणि ते मत कसे मोजले जाते, हे कळले की निम्मा प्रश्न सुटतो. उमेदवार कितीही आवडला तरी आपली तारीख येईपर्यंत तो रिंगणात टिकला नाही, तर ती आवड कामाची नाही.

मताचा हक्क आहे का?

मत फक्त नागरिकाला. ग्रीन कार्ड असलेल्याला नाही, एच-वन-बीवाल्याला तर नाहीच. हे सगळ्यांना माहीत असते, तरी चूक होते ती डीएमव्हीच्या, म्हणजे वाहन परवाना कार्यालयाच्या, खिडकीवर. लायसन्सच्या अर्जात मतदार नोंदणीचाही रकाना असतो. घाईत तिथे खूण होते आणि माणूस नकळत मतदार यादीत जातो. पुढे नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात ‘कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का, मत दिले होते का’ असे थेट विचारतात. तेव्हा हे प्रकरण अंगाशी येते, अगदी हद्दपारीपर्यंत जाऊ शकते. घरात कोणी अजून ग्रीन कार्डवर असेल तर त्यांचे डीएमव्हीचे कागद सही करण्याआधी वाचून घ्या.

देणगीचे नियम वेगळे आहेत. ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतो. एच-वन-बी, एफ-वन, एच-फोर यांपैकी कोणीही देऊ शकत नाही, आणि नागरिक असलेल्या मुलाच्या किंवा मित्राच्या नावावर आपले पैसे देणेही बेकायदा आहे. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून फोन करणे, पत्रके वाटणे हे मात्र त्यांना चालते.

उलट बाजूने, घरातल्या सतरा वर्षांच्या मुलाला विसरू नका. व्हर्जिनिया, मेरीलँड, ओहायो, इलिनॉय अशा काही राज्यांत नोव्हेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर प्रायमरीत मत देता येते.

पक्षनोंदणी: इथेच सर्वाधिक मते वाया जातात

भारतात मतदार यादीत पक्ष लिहिलेला नसतो, म्हणून ही गोष्ट आपल्या लोकांच्या डोक्यात पटकन बसत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मतदार नोंदणी करतानाच पक्ष लिहावा लागतो, आणि जिथे प्रायमरी ‘बंद’ आहे तिथे रिपब्लिकन म्हणून नोंद नसेल तर रिपब्लिकन मतपत्रिका मिळत नाही. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा, मेरीलँड ही बंद राज्ये. फ्लोरिडात पक्ष बदलायचा तर मतदानाच्या २९ दिवस आधी, पेनसिल्व्हेनियात १५ दिवस आधी.

न्यूयॉर्कची मुदत तर फार आधी संपते. २०१६ ची प्रायमरी १९ एप्रिलला होती आणि पक्ष बदलण्याची शेवटची तारीख होती आदल्या वर्षीची ९ ऑक्टोबर. इव्हान्का आणि एरिक या ट्रम्प यांच्या दोन मुलांनी ती चुकवली आणि त्यांना स्वतःच्या वडिलांना मत देता आले नाही. आता ती मुदत १४ फेब्रुवारीवर आली आहे, तरी लोक चुकवतातच.

न्यू जर्सीत जो कोणत्याच पक्षात नोंदलेला नाही, त्याला मतदान केंद्रावर पक्ष सांगून मत देता येते. पण डेमोक्रॅट म्हणून नोंद असेल तर ५५ दिवस आधी बदलावी लागते. एखाद्या स्थानिक निवडणुकीत ओळखीच्या उमेदवारासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिले असेल, तर तुमची नोंद तेव्हाच डेमोक्रॅट अशी झाली आहे. जाऊन बघा.

टेक्सास, जॉर्जिया, व्हर्जिनिया, मिशिगन, इलिनॉय इथे पक्षनोंदणीच नाही. मतदानाच्या दिवशी कोणती मतपत्रिका हवी ते सांगायचे. मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पक्ष न नोंदवलेल्यांना कोणतीही एक निवडता येते. वॉशिंग्टन राज्यात, म्हणजे रेडमंड-बेल्व्ह्यूच्या लोकांसाठी, पक्षनोंदणी नाही, पण टपालाने आलेल्या मतपत्रिकेच्या परतीच्या पाकिटावर पक्षाच्या चौकटीत खूण करून सही करावी लागते. चौकट कोरी राहिली की मत मोजले जात नाही.

कॅलिफोर्नियात राष्ट्राध्यक्षपदाची रिपब्लिकन प्रायमरी बंद असते. बाकीच्या पदांना तिथे सगळे उमेदवार एकाच यादीत असतात, त्यामुळे लोकांचा समज होतो की हेही तसेच असेल. ‘नो पार्टी प्रेफरन्स’ अशी नोंद असेल तर रिपब्लिकन नावे तुमच्या मतपत्रिकेवर येणारच नाहीत. आणखी एक सापळा आहे: ‘अमेरिकन इंडिपेंडंट’ हे एका पक्षाचे नाव आहे. आपण स्वतंत्र आहोत असे सांगायला म्हणून अनेकांनी त्यावर खूण केलेली असते.

काउंटीच्या किंवा राज्याच्या संकेतस्थळावर आपले नाव आणि जन्मतारीख टाकून नोंद तपासायला पाच मिनिटे लागतात. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात हे काम करून टाका.

तुमचे मत डेलिगेटमध्ये कसे बदलते

प्रायमरीत तुम्ही उमेदवार थेट निवडत नाही, पक्षाच्या अधिवेशनाला जाणारे डेलिगेट, म्हणजे तिथे उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, वाटता. २०२४ साली एकूण २,४२९ डेलिगेट होते आणि उमेदवारीसाठी १,२१५ लागत होते. हे डेलिगेट राज्याराज्यांत कसे वाटले जातात, यावर तुमचे पहिल्या पसंतीला दिलेले मत कामी येणार की मातीत जाणार, हे ठरते.

गेल्या काही निवडणुकांत पक्षाचा नियम असा राहिला आहे की १५ मार्चपूर्वीच्या राज्यांनी मतांच्या प्रमाणात डेलिगेट वाटायचे, सुरुवातीच्या काही राज्यांचा अपवाद सोडून. १५ मार्चनंतर ‘जिंकेल त्याला सगळे’ चालते. पण ‘प्रमाणात’ या शब्दावर विसंबू नका. डेलिगेट मिळण्यासाठी मतांची किमान मर्यादा राज्यांना ठेवता येते, ती जास्तीत जास्त २० टक्के. २०१६ साली टेक्सासमध्ये मार्को रुबिओ यांना जवळपास १८ टक्के मते पडली आणि १५५ पैकी डेलिगेट मिळाले ३. त्याच वर्षी साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना साडेबत्तीस टक्के मते होती. डेलिगेट मिळाले सगळे, ५० च्या ५०, कारण तिथे राज्य आणि प्रत्येक मतदारसंघ जिंकणाऱ्यालाच देतात. काही राज्यांत पन्नास टक्के ओलांडणारा सगळे घेऊन जातो. २०२४ साली कॅलिफोर्नियाच्या १६९ डेलिगेटना हाच नियम होता.

यातून कामाचा हिशेब असा निघतो. राज्य प्रमाणात वाटत असेल आणि तुमचा आवडता मर्यादेच्या आरामात वर असेल, तर बिनधास्त त्यालाच मत द्या. तो मर्यादेच्या आसपास घुटमळत असेल तर तुमचे मत फार मोलाचे आहे, कारण एका टक्क्याने त्याचे शून्य किंवा बरेच काही ठरते. तो मर्यादेच्या खूप खाली असेल, किंवा राज्य ‘जिंकेल त्याला सगळे’ असेल आणि तो तिसरा-चौथा असेल, तर उरलेल्या दोघांत कोण चालेल याचा विचार करावाच लागेल. त्यात कमीपणा काही नाही.

डेमोक्रॅटिक बालेकिल्ल्यात राहणाऱ्या रिपब्लिकनांना वाटते की आपल्या मताला किंमत नाही. प्रायमरीत अनेकदा उलटे असते. रिपब्लिकन नियमांत प्रत्येक काँग्रेस मतदारसंघाला ३ डेलिगेट मिळतात, मग तिथे रिपब्लिकन मतदार दोन लाख असोत की वीस हजार. जी राज्ये मतदारसंघनिहाय डेलिगेट वाटतात, तिथे मोठ्या शहरातल्या रिपब्लिकनाचे मत गावाकडच्या मताच्या कितीतरी पट वजनाचे ठरते. २०१६ साली न्यूयॉर्क राज्य ट्रम्प यांनी सहज जिंकले, पण त्यांच्या स्वतःच्या मॅनहॅटनमध्ये त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन केसिक पुढे होते.

मतपत्रिकेवर डेलिगेटची नावे थेट छापलेली असतील तर जास्त जपून. २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या ७१ पैकी ५४ डेलिगेटना मतदारांनी नावाने निवडले, ते कोणालाही बांधील नव्हते, आणि त्यांच्या नावापुढे ते कोणाचे समर्थक हे लिहिलेलेही नव्हते. ज्यांनी घरून यादी करून आणली, त्यांचेच मत नेमके पडले. त्याच वर्षी इलिनॉयमध्ये एकाच उमेदवाराच्या तीन डेलिगेटपैकी ज्यांचे नाव परदेशी वाटते त्यांना मतदारांनी गाळले, आणि त्याचा फटका उमेदवाराला बसला. अशा राज्यात राहत असाल तर आपल्या उमेदवाराची तिन्ही नावे भरा.

काही वेळा एकाच राज्यात दोन प्रक्रिया असतात. २०२४ साली नेव्हाडात ६ फेब्रुवारीला सरकारी प्रायमरी झाली आणि ८ फेब्रुवारीला पक्षाचा कॉकस. डेलिगेट फक्त कॉकसला होते. निकी हेली प्रायमरीत उतरल्या आणि ‘यांपैकी कोणीही नाही’ या पर्यायाच्या मागे पडल्या. ज्यांनी फक्त प्रायमरीत मत दिले, त्यांनी उमेदवारीच्या हिशेबात काहीच भर घातली नाही. कॉकस म्हणजे ठरलेल्या संध्याकाळी ठरलेल्या जागी स्वतः हजर राहणे. सेकंड शिफ्ट असेल, लहान मूल असेल, तर आधीच सोय करावी लागते.

आपल्याला नेमके काय हवे

मराठीत ‘पुराणमतवादी’ म्हटले की सोवळे-ओवळे डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह विचाराला तो शब्द बसत नाही, म्हणून आम्ही तो वापरलेला नाही. शिवाय तो विचार एकच नाही, एका छपराखाली राहणारी पाच-सहा बिऱ्हाडे आहेत. कमी कर आणि कमी खर्च मागणारे. गर्भपात, धर्मस्वातंत्र्य, शाळा यांवर ठाम असणारे. परराष्ट्र धोरणात आक्रमक असणारे. त्यांच्या अगदी विरुद्ध, बाहेरच्या युद्धांत पडू नका म्हणणारे. आयातशुल्क आणि कडक सीमा हवी असणारे. आणि न्यायाधीशांनी घटनेचा मूळ अर्थच पाळावा हे सर्वात वर ठेवणारे.

२०२३ च्या उमेदवारांत हे भेद उघड दिसले. युक्रेनला मदत करावी असे हेली ठामपणे सांगत होत्या, विवेक रामस्वामी उलट टोकाला होते. तरुणांसाठी निवृत्तीचे वय वाढवायला हवे असे हेली म्हणत होत्या, ट्रम्प सोशल सिक्युरिटीला हात लावायला तयार नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या डॉब्स निकालानंतर गर्भपाताचा प्रश्न राज्यांकडे गेला, तेव्हा माइक पेन्स देशभरासाठी पंधरा आठवड्यांची मर्यादा मागत होते, रॉन डिसँटिस यांनी फ्लोरिडात सहा आठवड्यांच्या कायद्यावर सही केली होती, तर डग बर्गम म्हणत होते की हा विषय राज्यांवरच सोडावा. सगळे स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्हच म्हणत होते.

म्हणून कागद घ्या आणि तीनच मुद्दे लिहा, क्रमाने. पाच लिहू नका, दहा तर नकोच, कारण लांब यादीत प्रत्येक उमेदवार कुठे ना कुठे बसतो आणि निवड होतच नाही. मग प्रत्येक मुद्द्यापुढे लिहा की हे राष्ट्राध्यक्ष एकटा करू शकतो की काँग्रेस लागते. ही दुसरी ओळ फार उपयोगी आहे. न्यायाधीशांची नावे पाठवणे, परराष्ट्र धोरण, सीमेवरची अंमलबजावणी, खात्यांचे नियम यांत त्याच्या हातात पुष्कळ आहे. प्राप्तिकराचे दर काँग्रेसशिवाय बदलत नाहीत.

आपल्या लोकांना जवळचे उदाहरण घ्या. ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही, ही मर्यादा कायद्यात आहे. कोणताही उमेदवार ‘मी ही रांग संपवतो’ म्हणाला तरी सिनेट आणि हाउसशिवाय ती संपत नाही. पण एच-वन-बी किती सोपा किंवा अवघड करायचा यात राष्ट्राध्यक्षाचा हात लांबवर पोहोचतो. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला तो व्हाइट हाउसमधूनच. तेव्हा उमेदवाराला प्रश्न विचारायची संधी मिळाली तर रांगेबद्दल विचारण्याऐवजी त्याच्या अखत्यारीतल्या नियमांबद्दल विचारा.

आणि उमेदवार भारतीय वंशाचा आहे, हा त्या तीन मुद्द्यांत धरू नका. बॉबी जिंदाल, निकी हेली, विवेक रामस्वामी हे तिघे आपल्याला जवळचे वाटतात, पण हेली आणि रामस्वामी यांच्यात परराष्ट्र धोरणावर जितके अंतर होते तितके त्या शर्यतीत फार थोड्या दोघांत होते. एच-वन-बीची सध्याची सोडत मोडीत काढावी असे २०२३ मध्ये म्हणणारेही रामस्वामीच होते. अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. निवडीचा निकष मात्र तो नाही.

बोलणे नव्हे, कृती तपासा

प्रायमरीत सगळेच उजवीकडे सरकून बोलतात. म्हणून भाषणाला कमी वजन द्या आणि ज्या निर्णयाची त्या माणसाला किंमत मोजावी लागली असे दोन-तीन निर्णय शोधा. जिथे आपल्याच पक्षातले लोक, देणगीदार किंवा मतदार नाराज होणार होते, तिथे तो काय वागला, यावरून तो पुढे कसा वागेल याचा सर्वात चांगला अंदाज येतो.

गव्हर्नर राहिलेल्या उमेदवाराचे काम तपासणे तुलनेने सोपे. राज्याचे अंदाजपत्रक पाहा: पहिल्या वर्षी एकूण खर्च किती होता, शेवटच्या वर्षी किती, आणि तेवढ्या काळात लोकसंख्या व महागाई किती वाढली. फक्त ‘मी कर कमी केला’ यावर जाऊ नका, कारण प्राप्तिकर उतरवून विक्रीकर किंवा फी वाढवलेली असू शकते. केटो संस्था दर दोन वर्षांनी गव्हर्नरांना करखर्चावर ए ते एफ अशी श्रेणी देते, ती चांगली सुरुवात आहे. नकाराधिकार किती वेळा वापरला आणि कोणाच्या विधेयकावर, हेही बघा. विधिमंडळ आपल्याच पक्षाचे असताना वापरलेला नकाराधिकार जास्त बोलका असतो.

सिनेटर किंवा हाउस सदस्य असेल तर काँग्रेसच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदलेले मतदान सापडते. इथे गफलत होते ती अशी. एकाच विधेयकावर चर्चा थांबवण्यासाठीचे मतदान वेगळे आणि अंतिम मतदान वेगळे. सिनेटमध्ये पहिल्याला साधारण ६० मते लागतात, दुसऱ्याला साधे बहुमत. काही जण पहिल्याला ‘हो’ म्हणून विधेयकाला वाट करून देतात आणि दुसऱ्याला ‘नाही’ म्हणून घरी विरोध केल्याचे सांगतात. दोन्ही मते तपासा. तसेच हजार-दोन हजार पानांच्या एकत्रित खर्चविधेयकाला दिलेल्या एका ‘हो’वरून जाहिरातीत दहा आरोप निघतात, त्यांतला कोणता खरा मुद्दा आणि कोणता ओढूनताणून आणलेला, हे विधेयक उघडल्याशिवाय कळत नाही.

संघटनांची गुणपत्रके उपयोगी आहेत, पण एकावर थांबू नका. क्लब फॉर ग्रोथ अर्थकारण बघते, एनआरए बंदुका, हेरिटेज अ‍ॅक्शन सर्वसाधारण उजवेपण. प्रत्येक संघटना वर्षातली कोणती मतदाने मोजायची ते स्वतः निवडते, म्हणून ९० गुण मिळालेले दोघे तुमच्या तीन मुद्द्यांवर एकमेकांविरुद्ध असू शकतात. गुण न बघता खालची मतदानांची यादी वाचा.

उद्योगातून आलेल्या उमेदवाराकडे मतदानाचा इतिहास नसतो. त्याच्या देणग्या पाहा. फेडरल इलेक्शन कमिशनच्या नोंदीत गेल्या कित्येक वर्षांत त्याने कोणाकोणाला पैसे दिले ते नावाने शोधता येते.

लिखित वचन आणि भाषणातले वचन यांत फरक करा. थोरले जॉर्ज बुश यांनी १९८८ च्या अधिवेशनात नवे कर लावणार नाही असे सांगितले आणि १९९० मध्ये सर्वोच्च दर २८ वरून ३१ टक्क्यांवर नेणाऱ्या तडजोडीवर सही केली. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरला पॅट ब्युकॅनन यांनी पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध ३७ टक्के मते घेतली, ती मुख्यतः त्या रागातून. न्यायालयांबाबतही तसेच. त्याच बुश यांनी १९९० मध्ये नेमलेले डेव्हिड सूटर पुढे उदारमतवादी गटात गेले. त्या अनुभवातून कॉन्झर्व्हेटिव्ह मतदार सावध झाले, आणि २०१६ मध्ये ट्रम्प यांनी आधी अकरा, मग आणखी दहा संभाव्य न्यायाधीशांची नावे जाहीर केली. २०१७ साली नेमलेले नील गोर्सच त्याच यादीतले. तेव्हा न्यायालये तुमच्या पहिल्या तीनांत असतील तर उमेदवाराकडून नावे मागा. ‘घटना मानणारे न्यायाधीश नेमू’ हे कोणीही म्हणतो.

जिंकू शकेल का?

कॉन्झर्व्हेटिव्ह लेखक विल्यम बक्ली यांचा जुना नियम अजून सांगितला जातो: जिंकू शकणाऱ्यांत जो सर्वात उजवा, त्याच्यामागे उभे राहा. अडचण दुसऱ्या अर्ध्यात नाही, पहिल्या अर्ध्यात आहे. १९६४ मध्ये बॅरी गोल्डवॉटर यांना फक्त सहा राज्ये मिळाली, ५२ इलेक्टोरल मते. पण १९८० मध्ये रोनाल्ड रेगनही फार उजवे आहेत, जिंकणार नाहीत, असे सांगणारे कमी नव्हते, आणि रेगन यांनी ४४ राज्ये घेतली. म्हणजे ‘जिंकू शकेल’ हे अंगातल्या भावनेवरून ठरवू नये.

मोजता येईल असे एक मोजमाप आहे. उमेदवार राज्यभराची निवडणूक लढला असेल तर त्याच वर्षी, त्याच मतपत्रिकेवरच्या पक्षाच्या इतर उमेदवारांशी त्याची तुलना करा. त्यांच्यापेक्षा पुढे पळाला की मागे पडला? आणि काळानुसारही बघा. डिसँटिस २०१८ मध्ये फ्लोरिडात सुमारे ३२ हजार मतांनी निवडून आले, २०२२ मध्ये १९ टक्क्यांच्या फरकाने. मग नोव्हेंबरचा निकाल ठरवणारी राज्ये घ्या: पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, ॲरिझोना, नेव्हाडा, नॉर्थ कॅरोलायना. तिथल्या स्वतंत्र मतदारांत त्याची प्रतिमा कशी आहे, एवढेच विचारा.

देशव्यापी पाहणीवर प्रायमरीचा अंदाज बांधू नका. २००७ भर रुडी जुलियानी देशपातळीवर पुढे होते. त्यांनी सुरुवातीची राज्ये सोडून फ्लोरिडावर सगळे लावले आणि जानेवारी २००८ च्या शेवटी तिथे तिसरे आले. राज्याची पाहणी बघा, तीही मतदानाला नक्की जाणाऱ्यांची, आणि एक नव्हे, तीन-चार एकत्र. उमेदवारांतले अंतर पाहणीत धरलेल्या संभाव्य चुकीच्या प्रमाणापेक्षा कमी असेल तर ते अंतर नाही असेच समजा. आयोवाच्या निकालावरही फार जाऊ नका: २००८, २०१२ आणि २०१६ या तिन्ही वेळा तिथे जिंकलेल्याला उमेदवारी मिळाली नाही. २०१२ ला तर रात्री मिट रॉम्नी ८ मतांनी पुढे असल्याचे जाहीर झाले, दोन आठवड्यांनी रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले, आणि शेवटी बहुतेक डेलिगेट रॉन पॉल यांच्याकडे गेले.

पैशाने मदत करायची तर लवकर करा. २०२३ च्या पहिल्या वादविवादात उभे राहायला इतर अटींबरोबर ४० हजार वेगवेगळे देणगीदार लागत होते. बर्गम यांनी तर एक डॉलर देणाऱ्याला वीस डॉलरचे गिफ्ट कार्ड देऊ केले. त्या टप्प्यावर तुमचे पाच डॉलर मार्चमधल्या पाचशेंपेक्षा जास्त काम करतात. २०२५-२६ साठी एका व्यक्तीची मर्यादा एका निवडणुकीला ३,५०० डॉलर होती, प्रायमरी आणि मुख्य निवडणूक वेगळी धरून. एकूण २०० डॉलरच्या वर गेलात की तुमचे नाव, गाव आणि नोकरी जाहीर नोंदीत येते. ऑफिसात त्याची अडचण होणार असेल तर आकडा त्याखाली ठेवा.

मत नेमके कधी टाकायचे

टपाली मतपत्रिका आली की लगेच भरून पाठवायची सवय नोव्हेंबरात चांगली आहे, प्रायमरीत महागात पडते. उमेदवार आठवड्यात गळतात. डिसँटिस न्यू हॅम्पशायरच्या दोन दिवस आधी बाहेर पडले. २०१६ मध्ये ॲरिझोनात मतदानाच्या आठवडाभर आधी रुबिओ थांबले होते, तरी ते तिसरे आले, शर्यतीत असलेल्या केसिक यांच्याही पुढे. ती बहुतेक मते आधीच टपालात पडलेली होती. एकदा दिलेले मत बहुतेक राज्यांत परत घेता येत नाही.

म्हणून मतपत्रिका भरा शेवटच्या आठवड्यात. तुमच्या आधीच्या मंगळवारचे निकाल येऊ द्या, कोण उरले ते पाहा, मग कागदावरचे तीन मुद्दे आणि राज्याचा डेलिगेट नियम समोर ठेवून खूण करा. टपालाला वेळ कमी पडत असेल तर काउंटीच्या ड्रॉप बॉक्समध्ये टाका किंवा प्रत्यक्ष केंद्रावर जा. सही नोंदणीतल्या सहीशी जुळली पाहिजे. नागरिकत्व घेताना नाव बदलले असेल किंवा पूर्वी देवनागरीत सही करत असाल तर कोणती सही नोंदलेली आहे ते आधी पाहून घ्या. पेनसिल्व्हेनियात मतपत्रिका आधी आतल्या गोपनीय पाकिटात, मग बाहेरच्या पाकिटात घालायची असते. आतले पाकीट नसेल तर मत बाद होते. पाठवल्यावर राज्याच्या संकेतस्थळावर मतपत्रिका पोहोचली का ते बघत राहा. सहीवरून हरकत आली असेल तर अनेक राज्यांत ती दुरुस्त करायला काही दिवसांची मुदत मिळते, आणि त्याचे कळवणारे पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात सहज हरवते.